ताईचा आवाज

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला ती असेतोवर नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या ताईला तर नाहीच. उल्हासनगरच्या कॉलेजात एका शनिवारी दुपारी मी वर्गासमोर ताई होऊन उभा राहिलो. तिच्या आवाजात बोललो. तिनं मला विश्वासानं सांगितलेलं सगळं बोललो, आणि टाळ्या घेतल्या. त्यानंतर जे झालं ते तिच्या उजव्या हातावर अजून दिसतं. दोष मात्र भलत्याच बाईच्या माथी गेला. गेला म्हणजे काय, मीच मारला.

अंबरनाथच्या एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या, मागे केमिकल कंपनीची भिंत. वारा फिरला की वरणालासुद्धा कंपनीचा वास यायचा. बाबा फिटर होते आणि हात उचलायला त्यांना कारण लागायचं नाही. आमटीत मीठ कमी पडलं की ताट उडायचं. स्टीलचं ताट भिंतीवर आपटून खाली पडायचं, आणि ते गरगरत गरगरत थांबेपर्यंत घरात कुणी श्वास घेत नसे. हॉटेलात वेटरच्या हातून ताट पडलं तर आजही माझी मान आपोआप खांद्यांत जाते. भीमजयंतीच्या आधी चाळ रंगायची तेव्हा आई भिंतीवरच्या आमटीच्या डागांवर चुन्याचे दोन हात जास्त मारायची, तरी पिवळं वर यायचंच. मार खाऊन झाला की ती डोळे पुसून तव्यावर सुकट परतायला बसायची, आणि त्या वासानं आम्हाला सडकून भूक लागायची. आईचा गाल सुजलेला आणि आपल्याला भूक, याची मला फार लाज वाटे. पण भाकरी मी कधी कमी खाल्ली नाही.

यातून जगायचा उपाय ताईनं काढला होता. ताई म्हणजे सुजाता, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बाबा बाहेर गेले की ती मला मोरीत ओढायची आणि कुजबुजायची, "मिल्या, बाबा कर." मग मी कमरेवर हात ठेवून, नाकपुड्या फुगवून बाबा करायचो. "ही आमटी आहे? ह्याच्यात तर कंपनीचा साहेब पोहायला येईल!" ताई तोंडात ओढणी कोंबून हसायची, पार खाली बसायची. मी अख्खी चाळ करून दाखवायचो. ताईलाही करायचो. तिची सवय होती, दुखलं की वाक्यातला शेवटचा शब्द गिळायचा आणि मग उगाच हसायचं. तो गिळलेला शब्द मला अगदी हुबेहूब जमायचा. "नको रे," ती म्हणायची, "माझंच मला भ्या वाटतं."

बाबा पिऊन मारायचे, म्हणून आईनं हट्टानं न पिणारा जावई शोधला. बदलापूरला कात्रपमध्ये स्वतःचा फ्लॅट, कंपनीत पर्मनंट, आपल्यातलाच, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. भाऊजींचं नाव दिलीप. शुद्धीत राहून मारणारा माणूस असतो, हे आईच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कॉलेजचा तो कोर्स मी घेतला तो चुकून. तेव्हा अशी हवा होती की जपानी येणाऱ्याला कंप्युटर कंपन्या घरी येऊन उचलून नेतात. नोटीस बोर्डावर 'जपानी' एवढा शब्द दिसला आणि मी नाव घातलं. पहिल्या तासाला कळलं की भाषा नाहीच. जपानी समाज आणि साहित्यातले स्त्री-पुरुष, असा तो विषय. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "जपानमधले बायका-पुरुष? का रे, इथले कमी पडले का तुला?"

शिकवायला केतकर मॅडम होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं जपानात राहून आलेल्या. वर्गात सिंधी मुलं होती म्हणून मराठी-हिंदी मिसळून बोलायच्या. मुलीच जास्त, मुलगे आम्ही तीन-चार. त्यातला जितू माझ्या बाकावर. त्याच्या वडलांचा कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचा कारखाना होता. "साईं, तू नोकरीसाठी आलास, मी छोकरीसाठी आलोय," तो म्हणायचा, "दोघंही उपाशी जाणार." तास सुटला की तो मला दाल-पकवान खायला न्यायचा. मॅडम सांगायच्या, तिकडच्या जुन्या घरांत बायको नवऱ्याला मालक म्हणायची. जितू मागून ओरडायचा, "मॅडम, मेरी मम्मी तो आज भी नाम नहीं लेती, 'अजी सुनो' करती है!" सगळे हसायचे. मॅडम हसत हसत विचारायच्या, "और पप्पा मम्मी को क्या कहते हैं?" जितू विचारात पडायचा. "कुछ नहीं. ताली बजाते हैं." मग कुणी हसायचं नाही.

एकदा त्यांनी लाकडी मुखवट्याचा फोटो दाखवला. मत्सरानं जळून जळून राक्षसीण झालेली बाई, डोक्याला शिंगं, दात बाहेर. नट मान ताठ ठेवतो तेव्हा ती चिडलेली दिसते, मान खाली घातली की तीच रडताना दिसते, म्हणाल्या. मला आमची आई आठवली, पण मी बोललो नाही. मी त्या वर्गात बोलतच नसे.

त्याच दिवसांत ताई माहेरी येऊन राहिली होती. पाच वर्षांच्या लेकीला, प्रज्ञाला, कडेवर घेऊन, हातात नुसती पिशवी. आईनं तिला शेक द्यायला पाठ उघडी केली तेव्हा मी चुकून आत गेलो. पाठीवर पट्ट्याचे वळ एकावर एक होते, जुने हिरवे, नवे काळेनिळे, आणि एका जागी बकलानं कातडी सोलून काढलेली. मी तसाच बाहेर आलो. त्या शनिवारी मॅडमनी जी गोष्ट सांगितली ती मी घरी येऊन सांगितली, ताई भाकऱ्या थापत असताना. तिकडे जुन्या काळी बाईला नवरा सोडायचा हक्क नव्हता. पण भिक्खुणींचा एक विहार होता. छळ झालेली बाई पळत त्याच्या दारापर्यंत पोचली की पाठलाग करणाऱ्यांनी तिला हात लावायचा नाही. आणि दाराशी पकडली जातेय असं वाटलं, तर तिनं पायातली चप्पल काढून आत फेकायची. चप्पल आत पडली की बाई आत आली असं धरायचे.

"विहार म्हणजे आपलाच की," आई म्हणाली, एकदम उजळून.

ताईनं भाकरी उलटली. "आणि ती चप्पल उचलून परत बाहेर भिरकावायला तिचा भाऊ नव्हता का उभा तिथं?"

तिघंही हसलो. मीही.

पुढच्या रविवारी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये बैठक बसली. दोन्हीकडची वडीलधारी माणसं, सतरंज्या, चहा. आधी वंदना झाली, पंचशील झालं. कुणाची हिंसा करणार नाही, असं भाऊजींनी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटलं, डोळे मिटून. मग "भांड्याला भांडं लागतंच" वगैरे सुरू झालं. मागे बसलेली एक म्हातारी उठली. "आत्ताच शील घेतलंत ना रे? मग पोरीची पाठ बघा एकदा." तिला वडीलधारे म्हणाले, "मावशी, तुम्ही बसा." ठरलं ते असं की मुलीनं नांदायला जावं. आमच्याकडे रुसून आलेली मुलगी आपल्या पायांनी परत जात नाही, तसं गेली तर तिचा मान राहत नाही. भावानं पोचवायची असते, नवं लुगडं आणि लाडवांचा डबा घेऊन. म्हणजे तिच्या मागे माणूस आहे हे सासरच्यांना दिसतं. पद्धत चांगलीच आहे. भाऊ कोण आहे यावर सगळं.

मी पोचवली. भाऊजींनी स्वतः चहा केला. "काय मेहुणे, जपान काय म्हणतंय?" लाडू खाल्ला, आईच्या हाताला चव आहे म्हणाले. मी निघालो, जिना अर्धा उतरलो, आणि वर टीव्हीचा आवाज वाढला. क्रिकेट चाललं होतं. त्या कॉमेंट्रीच्या खालून धप्प असा आवाज आला, गादी झटकावी तसा. मग परत. मी कठड्याला धरून उभा राहिलो. शेजारचं दार उघडलं. सुर्वेकाकू, कोकणातल्या, मुलासोबत राहणाऱ्या विधवा बाई. त्यांनी वरून माझ्याकडे पाहिलं. "तू भाऊ ना रे तिचा?"

"हो. खाली रिक्षा थांबलीये," मी म्हणालो.

मी उतरलो. त्या मात्र ताईच्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागल्या. ते रिक्षात बसेपर्यंत ऐकू येत होतं.

नंतर मी जात राहिलो, भाऊजी शिफ्टला असताना, दुपारचा. बहुधा त्या जिन्याची भरपाई म्हणून. ताई मला मागच्या गॅलरीत बसवून सगळं सांगायची. आधी तो प्रज्ञाला पाव आणायला खाली धाडतो. मग टीव्ही मोठा करतो. मग घड्याळ काढून कपाटावर ठेवतो, काच फुटू नये म्हणून. मग पट्टा. हे सांगताना ती शेवटचा शब्द गिळायची आणि हसायची. मग एक दिवस म्हणाली, ठरलंय. पुण्याला तिची एक मैत्रीण दवाखान्यात होती, तिनं आयाचं काम आणि राहायची सोय बघून दिली होती. कपडे, प्रज्ञाचा जन्माचा दाखला, सगळं एका बॅगेत भरून सुर्वेकाकूंच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरणीमागे ठेवलं होतं. सोमवारी भाऊजी पहिल्या पाळीला गेले की निघायचं. "तू आणि काकू, दोघांनाच माहितीये. आईला नाही सांगितलं. ती रडत रडत सगळ्या चाळीला सांगेल."

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी मॅडमच्या वर्गात आमची पाळी होती. फार जुन्या काळी जपानातल्या एका दरबारी पुरुषानं बाई होऊन आपल्या प्रवासाची हकिगत लिहिली होती, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यावरून आदल्या आठवड्यातच खेळ ठरवून दिला होता. मुलांनी बाई होऊन बोलायचं, मुलींनी पुरुष होऊन. जितू ओढणी घेऊन लाजला-मुरडला, वर्ग लोळला. मग मॅडम म्हणाल्या, "मिलिंद, तुझा आवाज मी अजून ऐकलेलाच नाही."

मी काही ठरवून गेलो नव्हतो, हे लिहायचा मोह होतो. पण ते खोटं आहे. आदल्या दिवशी मी मोरीत उभा राहून दोनदा म्हणून पाहिलं होतं. वर्गात मी ओढणीबिढणी घेतली नाही. नुसता खाली बसलो, भाकरी थापायला बसतात तसा, आणि ताई बोलायला लागली. पाव. टीव्ही. घड्याळ. पट्टा. पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं, मग कुणी नाही. शेजारणीच्या माळ्यावरची बॅग आली, लोणच्याची बरणी आली, "सोमवारी तो पहिल्या पाळीला गेला की" हेही आलं, कारण तिथं आवाज असा काही हलका व्हायचा की ते सोडवत नव्हतं. शेवटचा शब्द गिळला आणि हसलो. टाळ्या पडल्या. मॅडमचे डोळे भरले होते. "कोणाचं आहे हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"कल्पनेतलं," मी म्हणालो.

जितूनं त्या दिवशी दाल-पकवानाचे पैसे देऊ दिले नाहीत. इतका सुखी मी आधी कधी झालो नव्हतो.

वर्गात स्वप्ना नावाची मुलगी होती, कात्रपचीच, ताईच्याच बिल्डिंगमधली. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, विचारलंही नव्हतं; पुढे जितूकडून कळलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं घरी जाऊन आईला सांगितलं, आमच्या वर्गातल्या मुलानं काय ॲक्टिंग केली. मोठा होणारा टीव्ही बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्याच ओळखीचा होता. तिची आई ते ज्या बाईशी बोलली ती भाऊजींची बहीण. रविवारी सकाळपर्यंत ते भाऊजींकडे पोचलं, कुणी, कुठल्या कॉलेजात बोललं यासकट.

ते आधी काकूंच्या दारात गेले. काकूंनी दार धरून ठेवलं तर लाथ घालून उघडलं. दाराची कड काकूंच्या कपाळावर बसली. माळ्यावरून बॅग ओढली, बरणी फुटली, आणि अडवायला मागून धावत आलेल्या ताईला त्या तेलातून केसांना धरून फरफटत घरात नेलं. त्या दिवशी प्रज्ञाला पाव आणायला पाठवलं नाही. टीव्हीही लावला नाही. "पुण्याला जाऊन काम करणार? कोणत्या हातानं?" असं विचारलं. तिचा उजवा हात दाराच्या बिजागरीच्या फटीत धरला आणि दार लावून घेतलं. मग उघडून परत लावलं.

काकूंच्या मुलानं आमच्या चाळीजवळच्या वाण्याकडे फोन केला, वाण्यानं हाक मारली. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात मी पोचलो तेव्हा ताईचा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता, ओठ फाटलेला, आणि तिच्या अंगाला लोणच्याच्या खाराचा वास येत होता. आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. ताईनं मला जवळ बोलावलं.

"त्याला बॅग माहीत होती. सोमवार माहीत होता." ती थांबून थांबून बोलत होती. "दोघांनाच ठाऊक होतं, मिल्या. तू बोललास का कुठं?"

"नाही."

"शपथ?"

"नाही गं ताई."

"मग काकूच. तिनंच सांगितलं ना रे?"

"हो," मी म्हणालो. "तिनंच."

"घालव तिला. बाहेर बसलीये."

मी बाहेर गेलो. बाकावर सुर्वेकाकू बसल्या होत्या, मांडीवर झोपलेली प्रज्ञा, कपाळाला बांधलेल्या रुमालावर रक्त वाळलेलं. ताईला रिक्षात घालून त्यांनीच आणलं होतं. मी त्यांना म्हणालो, तुम्ही जा, ताईला तुमचं तोंड बघायचं नाही, तुम्ही घात केलात. त्यांना आधी समजलंच नाही. "मी? अरे बाळा, काय बोलतोस?" मग समजलं. त्यांनी पोर सावकाश माझ्या खांद्यावर दिली, तिचं डोकं नीट टेकवलं, आणि पदर सावरून चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. नसतो बोललो.

दोन दिवसांनी मामा, दोन मावसभाऊ आणि मी, आम्ही भाऊजींना कात्रपच्या रस्त्यावर गाठलं. मामानं कॉलर धरली, भावांनी हात पिरगळले. माझ्या हातात खाटेचा गात होता, चौकटीचं लांब लाकूड. लोक जमले, सोडवायला कुणी आलं नाही. पहिले फटके पाठीवर बसले तसे भाऊजी ओरडले, "मला काय मारताय? ह्याला विचारा! ह्यानंच कॉलेजात..." आणि मी गात तोंडावर घातला. दात तुटल्याचा आवाज आला. ते रक्त थुंकत परत तोंड उघडायला गेले, "ह्यानंच..." मी परत तिथंच घातला. परत. तोंड उघडेल तिथं. शेवटी मामानंच मला मागून मिठी मारून ओढलं. "बस मिल्या, मरंल तो, बस!" जबडा दोन जागी मोडला होता.

त्या दिवसापासून आमच्या माणसांत माझं नाव झालं. भाऊ असावा तर असा. पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या आणि दोन्हीकडून मागे घेतल्या गेल्या, ताईला फारकत मिळाली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला तो मारायला नव्हता. भाऊजी नंतर खरं बोललेही असतील, पण त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? मी ताईसाठी मारलं असं सगळे समजतात. मी मारलं ते त्या माणसाला बोलू द्यायचं नव्हतं म्हणून. कॉलेजात मी परत त्या वर्गाला गेलो नाही.

ताई आता अंबरनाथलाच असते, एका बालवाडीत कामाला. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली, कडा जाड राहतात. सुर्वेकाकू सोनिवलीला मुलाच्या नव्या घरी राहतात, ऐकू कमी येतं म्हणे. गेल्या वर्षी प्रज्ञाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं आईला विचारलं, लहानपणी शेजारी एक आजी होती, मला कडेवर घ्यायची, तिला बोलवू या का? ताई म्हणाली, "त्या बाईचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." मी तिथंच बसून सुपाऱ्या निवडत होतो. निवडत राहिलो.

मी काय देणं लागतो ते मला नीट माहीत आहे. "तू बोललास का कुठं?" असं ताईनं विचारलं होतं, त्याचं उत्तर 'हो' असं आहे. हे लिहिलेलं छापून तिच्या हातात पडायच्या आधी ते मी तिच्यासमोर बसून द्यायला हवं. मग सोनिवलीला जाऊन सुर्वेकाकूंना, त्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, सांगायला हवं की त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं, आणि हे मला त्या बाकासमोर उभा असतानाही माहीत होतं. दोन्ही अजून केलेलं नाही.